चौकटीवरच्या खाचा

ताल्लिनहून दोघं आली ऑक्टोबरच्या शेवटी,
अर्ध्या रिकाम्या बोटीतून:
ऊर्मास, लेलो, कागदाची दोन लांब भेंडोळी,
आणि एक मांजर, ज्याच्याबद्दल अर्जात अवाक्षर नव्हतं.

सरपणाचं काम माझ्याकडे.
घर आता पंचायतीचं; चित्रकारांना तीन-तीन महिने देतात.
एकेकाळी ते आमचं होतं,
पण पाहुण्यांना हे सांगायचं नाही असं मी ठरवून टाकलंय.
सांगितलं की माणसं कपबशीसुद्धा दबकत उचलतात.

तो भिंतीवर कागद धरून वरून कोळसा घासायचा
हलक्या हातानं, घोड्याला खरारा करावा तसा.
ती त्याच्या मागोमाग लाल दोऱ्यानं टाके घालायची
जिथं जिथं कोळशाला काही सापडलं असेल:
खिळ्याचं डोकं, लाकडातली गाठ,
जाळं टांगायच्या आकड्याचं भोक.

"तुम्ही दोघं मिळून करता तरी काय?"
"घराचा ठसा घेतो," तो म्हणाला.
"घराशी भांडतो," ती म्हणाली.

भांडायची ती एकमेकांशीही.
सौनापर्यंत ऐकू यायचं.
मग रात्री खिडकीतून दिसायचं, एकाच कागदावर
दोन टोकांकडून वाकलेली दोन डोकी,
आणि मधे पसरलेलं मांजर.

नोव्हेंबरात वादळ. चार दिवस बोट नाही.
मी त्यांना धुरावलेले फ्लाउंडर दिले, राईचा पाव दिला.
पाचव्या दिवशी ओंडके घेऊन आत गेलो तर
स्वयंपाकघराच्या दाराची चौकट
कागदावर उतरून टेबलावर आडवी पडलेली.

तीन थर होते रंगाचे तिच्यावर:
वडिलांचा हिरवा, आईचा पांढरा, पंचायतीचा करडा.
तिन्हींच्या खालून कोळशानं वर काढलेल्या
सुरीच्या खाचा.
उजवीकडे सोळा. डावीकडे नऊ.

नवांवर नऊ लाल टाके.
त्यांच्या वर, कोऱ्या कागदात,
लेलोनं सुई टोचलेली,
आणि ऊर्मासनं तिचं मनगट धरलेलं.

"जे नाही ते शिवायचं नाही."
"मूल वाढलं असेलच ना! शहरात, दुसऱ्या चौकटीत."
"तुला काय ठाऊक?"
आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं,
गावातल्या कुणाही माणसाकडे पाहावं तसं.

ओंडके खाली ठेवायला मला जरा वेळच लागला.

हेइनो, म्हणालो. धाकटा.
त्या मार्चमध्ये बर्फ पातळ होता.
इतकंच.
बाकीचं बेटावर सगळ्यांना माहीत असतं,
म्हणून कुणी बोलत नाही,
म्हणून मला बोलायची सवय नाही.

लेलोनं सुई काढून घेतली.
कागदाला बारीकसं भोक राहिलं.
आता ऊर्मासच म्हणाला, शिव, शीव गं तू,
आणि ती मान हलवत राहिली, नाही, नाही,
जणू दोघांनी रात्रीतून बाजू बदलल्या होत्या.
मी म्हटलं, भोक असू द्या.

मग तिनं मला चौकटीला टेकवून उभं केलं.
टाचा मागे, हनुवटी खाली,
आई म्हणायची अगदी तशीच.
सोळाव्या खाचेपेक्षा मी दोन बोटं बुटका निघालो.
आम्ही तिघंही हसलो. का ते सांगता येणार नाही.

जानेवारीत ती गेली. बोटीच्या वेळी मांजर सापडेना;
आता माझ्या स्टोव्हमागे झोपतं, मासे निवडून खातं.
शहरात कागद टांगला, पत्रक आलं मला पोस्टानं:
कोळसा, सुती दोरा. खाली दोघांची नावं,
मधे "आणि" नाही, स्वल्पविराम.

एप्रिलमध्ये पंचायतीनं रंगाचा डबा पाठवला.
चौथा थर. मीच दिला.
वाळल्यावर डावीकडून अंगठा फिरवून पाहिला
खालून वर, सावकाश.

नऊ.